शाळेच्या व्हरांड्यातली उघडी पेटी

मित्रांनो, माझं झाकण उघडताना कुरकुरतं, तेवढं समजून घ्या. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, कळंब तालुक्यातल्या एका छोट्या गावातल्या बचत गटाची. लखीराम पेटीवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं, निळा रंग दिला आणि झाकणावर एक पिवळी वेल काढली. मला दोन कड्या आणि दोन कुलपं. एक किल्ली गटाच्या अध्यक्ष मैनाबाईंच्या गळ्यात, दुसरी हंसाबाईंच्या कमरेला. एकटीने मला उघडायचंच नाही, अशी रीत.

दुसरी रीत त्याहून कडक. महिन्याच्या बैठकीत मला मधोमध ठेवायचं, एकेकीचं नाव घ्यायचं, आणि जिचे पैसे यायचे ते आल्याशिवाय झाकण लावायचं नाही. झाकण उघडं असेपर्यंत कोणी उठायचं नाही. त्या दिवसांत माझा केवढा मान होता! आधी मला हळदीकुंकवाचं बोट लागायचं, मग बैठक सुरू व्हायची.

पुढे गटाचं बँकेत खातं निघालं. पैसा तिकडे गेला आणि मी खाटेखाली गेले. कोणी माझ्यात कांदे ठेवले, कोणी जुन्या चपला. बिजागऱ्यांना गंज चढला. मग गटात सुरभी आली. तिने मला ओढून बाहेर काढलं, राखेने घासलं आणि म्हणाली, "बँकेतून पैसा काढाले अख्खा दिवस जाते. घरच्या अडीनडीले पेटीच बरी."

याच सुरभीने उन्हाळ्यात गटाला विचारून माझ्यातून कर्जाऊ पैसे उचलले. तिच्या गुंजनला डांबरी रस्त्यावरच्या नव्या इंग्रजी शाळेत पहिलीत घालायचं होतं. शाळेने अनामत मागितली. शाळा सुरू व्हायच्या आत नाव काढलं तर सगळी परत, असं सांगितलं. शाळेची गाडी गावात येणार होती. नंतर कळलं, गाडी फाट्यापर्यंतच येईल. एवढंसं लेकरू ट्रक धावणाऱ्या रस्त्यावर एकटं कसं उभं करायचं? सुरभीने वेळेत नाव काढलं, आणि तिच्या चकरा सुरू झाल्या. आज साहेब नाहीत. आज सही राहिली. सोमवारनंतर या.

पण सोमवारच तर शेवटचा दिवस होता. हंसाबाईंच्या लेकीचा, अर्पिताचा, यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला होता. सोमवारी फी भरली नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. फीसाठी गट पैसे देणार होता, पण बँकेतला पैसा पेरणीच्या कर्जात वाटून झाला होता आणि पेटीतला शाळेत अडकला होता. शनिवारी सकाळी सुरभी रडवेली होऊन बसली. हंसाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. ती मायाच तिला जड झाली.

मैनाबाई उठल्या. "आज बैठक हाय ना? मंग पैसा जिथं, पेटी तिथं. चाला."

मी मैनाबाईंच्या मांडीवर बसून ऑटोने शाळेत गेले. कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात सतरंजी पसरली. सगळ्याजणी गोल बसल्या आणि मधोमध मी, झाकण उघडं टाकून.

कारकून नरहर सर धावत आले. "अहो बाई, आंदोलन करायचं तर गेटच्या बाहेर करा. आज ॲडमिशनचा दिवस आहे."

"आंदोलन कायले करू भाऊ? बैठक हाय. दर महिन्याले होते," मैनाबाई म्हणाल्या.

"मला पोलिसांना फोन करावा लागेल."

"करा. त्यायलेही सतरंजीवर जागा देऊ."

बायका हसल्या. पण मैनाबाईंनी माझा काठ किती घट्ट धरला होता, ते फक्त मला ठाऊक.

नावं सुरू झाली. एकेक जण बसल्या जागेवरून पुढे वाकून माझ्यात पैसे टाकी, पत्रा खणखणे. मग नाव आलं सुरभीचं.

"माहे बाकी हाय," ती म्हणाली. तिने कार्यालयाच्या दाराकडे बोट केलं. "आत हाय, कपाटात."

ऊन पायऱ्या चढून आलं. नरहर सर फोन कानाला लावून आतबाहेर करत होते. सुरभी कुजबुजली, "मावशी, उठू आता. माह्यासाठी तुमचा अपमान नोको." कोणी उठलं नाही. तेव्हा हंसाबाईंनी, मनातली भीती घालवायला, हलक्या आवाजात ओवी धरली:

लेक निघाली शिकाया, हाती पिशवी नि डबा,
तिच्या वाटेत गं बाई, कोन राह्यला उभा?

लेकरांची नावं घालायला आलेले आईबाप थबकले. एका आईने विचारलं, "ताई, काय बाकी हाय तुमचं?" सुरभीने घडलं तसं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. त्या आईने हातातलं पाकीट परत पर्समध्ये ठेवलं आणि ती नरहर सरांकडे वळली. "सर, आमी उद्या नाव काढलं, तं आमालेही अशाच चकरा काय?"

सर आत गेले. आतून बराच वेळ दबके आवाज येत राहिले. मग मुख्याध्यापिका पद्मजा मॅडम बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"संस्थेच्या साहेबांची सही मिळाली नाही," त्या म्हणाल्या.

माझा पत्रा त्या उन्हातही गार पडला.

"मी माझ्या सहीने चेक देते. साहेबांना काय सांगायचं ते मी बघते."

सुरभी खाली बघत म्हणाली, "मॅडम, चेक सोमवारपर्यंत वटत नाई. पोरीची जागा जाते."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग हंसाबाईंकडे. "नरहर सर, गल्ल्यातून नगद द्या."

सुरभीने नोटा माझ्यात ठेवल्या, आणि मैनाबाईंनी लगेच उचलून त्या हंसाबाईंच्या ओटीत घातल्या. तो पैसा माझ्या पोटात श्वासभरही टेकला नाही. मग झाकण लागलं आणि बायका उठल्या. सोमवारी अर्पिताची फी भरली गेली.

मित्रांनो, दुसऱ्याचं ठेवून घेणं आणि वेळ आली की देऊन टाकणं, एवढंच मला येतं. तुमच्याकडेही कोणी काही ठेवून जाईल. एखादं पुस्तक, घराची किल्ली, थोडे पैसे. ते जपा. आणि धनी न्यायला आला, की त्याला ताटकळत ठेवू नका. त्या दिवशी आपलेच पैसे हाती आल्यावर सुरभीने मान खाली घालून मॅडमना हात जोडले होते, जणू दान मिळालं. तशी मान तुमच्या दारात कोणाला खाली घालू देऊ नका.