मागे लपवलेला अ‍ॅम्प

थोरल्याचं डोकं चार दिवस तापलेलं होतं. आणि का तापू नये? गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली. धाकट्या भावासाठी तर त्याने स्वतःच्या हाताने अ‍ॅम्प बांधला होता. चॅनेल एकच, आवाजाचं बटण एकच. त्यावर धाकटा बारा वर्षं वाजवत आला, कुणाची तक्रार नाही. आणि आता वाद्यवृंदाचा मालक म्हणतो, "हा डबा आणणार असशील तर येऊच नकोस. चार चॅनेलचा आण."

पोटावर पाय नको म्हणून धाकट्याने आणला. मऊ आवाजाला एक चॅनेल, खरखरीत आवाजाला दुसरा, आणि बदलायला पायाशी बटणांची पट्टी. तिथेच घोडं पेंड खायला लागलं. धाकट्याला वाजवताना उजव्या पायाने ताल धरायची सवय. पहिल्याच तालमीत, ऐन हळुवार गाण्यात, पाय बटणावर पडला आणि असा कर्कश आवाज उठला की गायिका माइक सोडून मागे सरली.

"पुन्हा असं झालं तर दुसरा वादक बघेन," मालक म्हणाला.

मग काय, दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतःच बांधलेला अ‍ॅम्प चोरासारखा मागच्या दाराने तालमीच्या खोलीत आणला. नवा पुढे, दिवे लावून. जुना त्याच्या मागे, आणि गिटारची वायर जुन्यात. वरून कीर्तन, आतून तमाशा. जुन्याशेजारी थोरला उकिडवा बसला, या वयात.

धाकटा वाजवू लागला. हळू हवं तिथे गिटारवरचं बटण त्याने करंगळीने उतरवलं, आवाज मऊ झाला. चढवलं, तसा तोच आवाज खवळला. पाय बिनघोर ताल धरत होता.

मालक खूश. नव्या अ‍ॅम्पवर थाप मारून म्हणाला, "बघ. त्या डब्यापायी बारा वर्षं फुकट घालवलीस."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय. पण भावाच्या पोटाचा प्रश्न होता. तो नव्याच्या आड तसाच बसून राहिला.

धाकटा मात्र थांबला. मागे न वळताच म्हणाला, "दादा, तुझा बंद कर."

"अरे, तुझं काम जाईल."

"जाऊ दे. कर बंद."

थोरल्याने बटण खाली केलं. धाकट्याने तारा छेडल्या. नव्या अ‍ॅम्पचे सगळे दिवे लागलेले होते, मालकाचा हात अजून त्याच्यावरच होता, आणि तारांच्या किरकिरीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही.