भस्माच्या डबीतली राख

परळीत राख वरून पडते. वीज केंद्राची धुराडी ती सोडतात आणि ती दोरीवरच्या लुगड्यांवर, उंबऱ्यावर अलगद उतरते. गावाला तिचं काही वाटत नाही. शिवकन्येलाही वाटत नव्हतं. पाळणा हलवताना ती आपलंच जुळवून म्हणायची,

राख उडाली उडाली, बेलाच्या गं पानावरी
माझी शिवानी झोपली, महादेवाच्या मांडीवरी

मग एके सकाळी पूजेची भस्माची डबी अंगणात उघडी राहिली. शिवकन्येनं नेहमीसारखं बोट बुडवलं, लेकीच्या कपाळावर तीन पट्टे ओढले आणि मग डबीकडे पाहिलं. वर करडा थर होता. भस्म कुठलं अन् धुराड्याची राख कुठली, कळेना. संध्याकाळी पोरीला ताप भरला.

ताप उतरला. शिवकन्येच्या मनात जे शिरलं, ते मात्र उतरलं नाही. तिचाच विचार, तिच्याच बोलीतला, तरी परका. लेकीकडे हात गेला की तो मागून पदर ओढी. बोटाला राख हाय. पोर मरंल. धू. ती धुई. वळली की पुन्हा, नीट न्हाई निघाली, धू. बोटांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त यायला लागलं. शिवानी वरच्या दुधावर, आजीच्या कडेवर वाढू लागली. आई लांबूनच बघायची.

"नळ झिजला, पर हिचे हात काय निघंनात," सासू जगदेवी म्हणायची.

शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं हाय. नवरा शिवशरण, त्याचं किराणा दुकान होतं, शेजारी नवा एसटीडी बूथ टाकलेला. त्यानं कुणाचं ऐकलं नाही, तिला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी तिचे हात पाहिले.

"बाई, हे भूत नाही आणि वेडही नाही. आजार आहे. विचार अडकतो, सुटत नाही. या कॅप्सूलनं तो हळूहळू सैल होईल. दोन-अडीच महिने धीर धरा, एकही चुकवू नका."

एकही चुकली नाही. उन्हाळा सरत आला. विचार मात्र तसाच, पाठीला पाठ लावून बसलेला. शेवटी जगदेवी लेकाला म्हणाली, "तुझ्या डाक्टरपेक्षा अंगारा बरा. सोमवारी हिला भगताकडं नेऊ. अन् पोरीला माजलगावला, तुझ्या बहिणीकडं धाडते. तिथं कुणी छातीला तरी धरील."

अंगारा शब्द कानावर पडताच शिवकन्या मोरीकडे धावली. दुपारच्या कॅप्सूलची वेळही झालेली. पाठोपाठ शिवशरण गेला, अन् दारातच थबकला. तिच्या तळहातावर कॅप्सूल होती. नळाखाली धरून ती तिला चोळत होती. हिरवा-पिवळा रंग बोटांना लागलेला, आतली पांढरी भुकटी पाण्यासंगं वाहत चाललेली. उरलेलं लिबलिबीत टरफल तिनं तोंडात टाकलं.

"शिवे, हे काय?"

"धुतली. कुणाकुणाचे हात लागले असतील, अवो. अन् माझे."

"रोज धुतीस?"

तिनं मान हलवली.

तो आधी हसलाच. "आगं, सगळं औषध मोरीनं खाल्लं की! मोरी बरी झाली असंल बघ." तीही हसली, कितीतरी दिवसांनी. मग दोघांचंही हसू एकदम विझलं. सोमवार परवावर आला होता.

शिवशरणनं पाकीट तिच्यापुढं धरलं. "आणखी एक घे. हात लावूच नको. पन्नीतून थेट तोंडात."

"पन्नीला राख असंल. शिवानीला काय झालं तर?"

"म्या न्हाई म्हणलं तर तुला पटंल का?"

"न्हाई."

"मग न पटताच गिळ."

तिनं पन्नीला ओठ लावले. कॅप्सूल घशात अडकली, खाली गेली. मागचा तो विचार ओरडला, मारलंस पोरीला! ती भिंतीला धरून पाळण्याकडं बघत राहिली. शिवानी झोपेत ओठ चोखत होती.

शिवशरणनं आईला सोमवार रद्द करायला लावला. पोर घरीच राहिली, अन् रोजची कॅप्सूल पन्नीतून थेट तोंडात जाऊ लागली.

पावसाळा मध्यावर आला तेव्हा एका दुपारी जगदेवी बाहेर गेलेली, अन् रांगती शिवानी पायरीवरून घसरली. शिवकन्येनं धावत जाऊन तिला उचललं. छातीशी धरल्यावर ध्यानात आलं, हात धुतलेच नाहीत. तो विचार आला, पण दमल्यासारखा, लांबून. धू, म्हणाला.

पोरीनं तिची वेणी घट्ट धरली होती.

"थांब जरा," शिवकन्या त्याला म्हणाली. "आत्ता पोरगी रडतीया."