उदाहरणाचा रकाना

गरुड माझ्या टेबलासमोर उभा होता आणि मी त्याला बसा म्हटलं नाही.

गरुड म्हणजे आमचे मोठे साहेब, मुलांच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. "मला कॅमेरा कशाला? माझे डोळे आहेत," असं येताजाता ऐकवायचे, म्हणून आम्ही सिस्टरांनी ठेवलेलं नाव. हा कॅमेरा साधा नव्हे. आदल्या संध्याकाळी मुलाच्या शिरेतून एक रंग द्यायचा. सकाळपर्यंत तो पित्ताच्या नळीत उतरतो आणि त्या कॅमेऱ्याखाली मांसात लपलेली नळी पडद्यावर हिरवीगार उजळते. साहेबांनी तो तीन वर्षं कपाटात कोंडला. ज्याला हवा त्याने अर्ज भरायचा, आणि अर्जात एक रकाना: 'नुसत्या डोळ्यांनी काम केल्यामुळे या विभागात कोणत्या मुलाला इजा झाली? उदाहरण द्या.' साहेबांच्या हाताखाली राहून ते लिहायची कोणाची छाती होणार?

उदाहरण माझ्या घरात होतं. माझी लेक सहा वर्षांची असताना याच माणसाने तिची पित्ताची पिशवी काढताना भलतीच नळी कापली. चौकशीत सांगितलं, "मला सगळं स्वच्छ दिसत होतं. मुलीची नळीच जन्मतः वाकडी." सासूबाईंनी तो दोष माझ्या माहेरावर ढकलला. त्यानंतर पाच शस्त्रक्रिया झाल्या. लेक आता एकोणीसची आहे आणि हसत हसत स्वतःला 'वाकडी' म्हणते. ते हसणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी मुद्दाम बदली मागून या विभागात आले. साहेबांनी मला ओळखलंसुद्धा नाही.

आता त्यांची पाच वर्षांची नात वॉर्डात होती. उद्या तीच शस्त्रक्रिया.

"सिस्टर, रंग सहाच्या आत द्यायला हवा," तो म्हणाला. भिंतीवर साडेपाच वाजले होते.

"तुमचे डोळे आहेत ना, साहेब?"

"अहो, माझी नात आहे ती!"

"मग अर्ज भरा."

मी ड्रॉवरमधून कागद काढून पुढे सरकवला. त्याने भराभरा सगळं भरलं आणि रकान्यापाशी पेन अडलं.

"हे सोडलं तर चालेल?"

"तुम्ही कोणाला सोडू दिलं होतं?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शांतपणे पट्ट्यांची पाकिटं लावत बसले. शेवटी तो वाकून लिहू लागला: 'एका मुलीला...'

"कोणत्या? वय, साल घाला. केस नंबर मी सांगते." मी तो तोंडपाठ म्हणून दाखवला.

त्याने मान वर केली. "तुम्ही तिच्या...?"

"आई. लिहा. पावणेसहा झाले."

त्याने लिहिलं. 'नळी मला नीट दिसली नव्हती. ती वाकडी नव्हती. चूक माझी.' खाली सही केली. "आता तरी रंग द्या. हात जोडतो."

"दिलाय. चार वाजताच. तुमच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच लिहून दिलं होतं."

"अर्जाशिवाय?"

"अर्जाचा नियम त्यांनी तुमच्या निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशीच रद्द केला. हा एक कागद मी जपून ठेवला होता."

कागदासाठी त्याने हात पुढे केला, तोवर तो माझ्या खिशात गेला होता.

"नातीची काळजी करू नका," मी म्हटलं. "लेकराचं वाईट करायला मी कसाई नाही. मला फक्त तुम्हाला तडफडताना बघायचं होतं."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नळी हिरवी उजळली आणि नात सुखरूप बाहेर आली. दुपारी घरी जाऊन मी कागद लेकीपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"म्हणजे मी वाकडी नव्हते?"

"नाही गं, कधीच नव्हतीस."

तिने डोळे पुसले. "लिहिताना त्याचं पेन अडलं?"

"हो."

"मग वाच ना, आई. मोठ्याने. आणि आजीलाही इकडे बोलाव."