अठराव्या जागेची बोली

खाणीचा कारभार बघणाऱ्या कॅप्टन रॉस्कोरलाने कचेरीच्या खिडकीतून खडा वर भिरकावला आणि अंगणात जमलेले दोनशे खाणकामगार एकदम ओरडू लागले.

"पौंडामागे नऊ शिलिंग!"

"साडेआठ!"

"आठ!"

खडा धुळीत पडला. शेवटचा आवाज एलायजा ट्रेगेन्झाचा होता, म्हणून सतरावी जागा पुढचे दोन महिने त्याची. वर काढलेल्या तांब्याच्या किमतीतल्या दर पौंडामागे, म्हणजे वीस शिलिंगांमागे, जो स्वतःचा वाटा सगळ्यांत कमी सांगेल, त्याने ती जागा खणायची. कॉर्नवॉलमध्ये आमचे आजे-पणजे अशीच कामं घेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरलो तेव्हा आमच्या पेट्या जवळपास रिकाम्याच होत्या, पण ही रीत तेवढी आम्ही सोडली नव्हती.

जाबेझ पेनहेल मागच्या भिंतीला टेकून उभा होता. दोन वर्षांपूर्वी आम्हीच त्याला निवडून ॲडलेडच्या सभागृहात पाठवलं. तिथे बसायचा पगार नसतो. बाकीचे सभासद मेंढ्यांच्या कुरणांचे मालक नाहीतर वकील, त्यांना पगार हवाय कशाला? जाबेझ मात्र अधिवेशन संपलं की परत येऊन खाणीत उतरायचा. गेल्या महिन्यात त्याने भर सभागृहात आमच्या खाणीतल्या कुजक्या टेकूंचा विषय काढला आणि त्यांच्याखाली चिरडलेल्या दोघांची नावं घेतली. कंपनीला ते झोंबलं. त्याचं खाणीतलं काम तोडलं की खुर्ची आपोआप सुटेल, असा हिशेब होता. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे तेच तोंड बंद करायचं होतं.

"जागा अठरा," कॅप्टन म्हणाला.

"दहा शिलिंग," जाबेझ म्हणाला.

कॅप्टनने त्याच्याकडे न बघता खडा उडवला, छपराच्याही वर. बोली मोडायला भरपूर वेळ मिळावा म्हणून. खडा सावकाश खाली आला. त्याहून कमी बोली कोणीच लावली नाही.

"ट्रेगेन्झा, सतराव्याऐवजी ही जागा तुला हवी होती ना?"

ट्रेगेन्झाचं आणि जाबेझचं हाडवैर. प्रचाराच्या सभेत ट्रेगेन्झाने त्याला सडका कोबी फेकून मारला होता आणि नेमही अचूक होता. आपल्यातला माणूस ॲडलेडला गेला की आपला राहत नाही, हे त्याचं पालुपद. आता तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"घसा बसलाय, कॅप्टन."

"आत्ता तर बोंबलत होतास!"

"म्हणूनच बसला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. कॅप्टनचे कान लाल झाले.

"पेनहेलची बोली कंपनीला मान्य नाही. पुढे चला. जागा एकोणीस!"

खडा वर गेला, खाली आला. सगळे मूग गिळून गप्प. जागा वीस. एकवीस. बावीस. आधी काही ठरलं नव्हतं, कोणी कोणाला खूणही केली नव्हती. घरी प्रत्येकाची पोरंबाळं होती आणि दोन महिने काम नसलं तर चूल कशी पेटते हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी गप्प बसताना जेवढा अभिमान वाटला, तेवढा एरवी ओरडतानाही कधी वाटला नाही.

एकतिसाव्या जागेला कॅप्टनने खडा हातातच ठेवला. मालकांना काय लिहायचं? निम्मी खाण ओस पडली म्हणून? त्याने वहीची पानं मागे उलटली.

"जागा अठरा. पेनहेल. दहा शिलिंग." मग तो किंचित हसला. "पण नियम माहीत आहे ना, सभासदसाहेब? सलग तीन दिवस पाळी चुकली की जागा गेली. मंगळवारी तुमचं अधिवेशन आहे."

आजवर जाबेझ ॲडलेडला गेला की त्याचा जोडीदार सॅम्पसन हॉस्किंग त्याची पाळी भरून काढायचा. टेकूखाली चिरडलेल्या दोघांतला एक सॅम्पसन होता. जाबेझने टोपी काढली, हातात फिरवली. त्याच्या घरी चार मुलं होती. काय म्हणणार होता ते आम्हाला त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"कॅप्टन, मग मी सभागृहाची जागा..."

"त्याची पाळी मी भरेन."

माना वळल्या. ट्रेगेन्झा अजून मातीच उकरत होता.

"तुझी स्वतःची जागा आहे," कॅप्टन म्हणाला.

"माझी दिवसा, त्याची रात्री. नियमात बसतं. लिहा."

कॅप्टनने लिहिलं. जाबेझ गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने हात पुढे केला. ट्रेगेन्झाने तो हात नुसता पाहिला.

"हुरळून जाऊ नकोस, लेका. मंगळवारी त्या टेकूंचं पुन्हा काढ, आणि सॅम्पसनचं नाव जरा मोठ्याने घे. आणि मत मागायला माझ्या दारी येऊ नकोस. मी पुढच्या वेळीही तुझ्या विरुद्धच देणार आहे."