काळी पाकळी

फेस शहराच्या जुन्या भागातल्या एका अरुंद गल्लीत मालेम, म्हणजे उस्ताद कारागीर, बुश्ताचे नवे काम जमिनीवर पालथे पडले होते. तीन महिने त्याने चकचकीत फरशीचे हजारो तुकडे छिनून, रंगाची बाजू खाली ठेवून एकमेकांशेजारी बसवले होते. वर दिसत होती ती केवळ गिलाव्याने सांधलेली मातकट पाठ. हे काम असेच चालते. कारागीर रंग न पाहता स्मरणावर नक्षी मांडतो आणि ती उभी केल्यावरच सगळ्यांबरोबर त्यालाही दिसते.

आज ती गल्लीतल्या पाणी भरायच्या कारंज्याशेजारच्या कोऱ्या भिंतीवर चढायची होती. निदान बुश्ताला तसे सांगितले होते.

"शेजारी नव्हे, मालेम," जीर्णोद्धाराचे काम पाहणारा वास्तुतज्ज्ञ सर्घीनी कागद चाळत म्हणाला. "कारंज्यावरच. जुनी नक्षी उतरवायची."

बुश्ताची कानशिले तापली. जुनी नक्षी त्याच्या वडिलांनी, मालेम अलालने केलेली होती.

"का म्हणून? साठ वर्षांत एक तुकडा हललेला नाही!"

"वरचा देवदारी छज्जा सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या मेरिनी सुलतानांच्या काळचा आहे, तो ठेवू. पण नक्षी सदोष आहे. पंधरा पाकळ्या हिरव्या आणि एक काळी."

पाणी भरायला आलेली लल्ला झहूर बादली टेकवून मध्ये पडली. "दोष कसला? परदेशी पाहुण्यांना घेऊन येणारा तो गाईड रोज सांगतो की, पूर्णत्व एकट्या अल्लाहचं, म्हणून मालेम अलालनं मुद्दाम चूक ठेवली. पाहुण्या बायका डोळे पुसतात ऐकून!"

सर्घीनीचा चेहरा उजळला. "मुद्दाम केलं असेल तर तो वारसा झाला. मग जुनी राहील, नवी शेजारी लावू. वडिलांच्या नावाची पाटीसुद्धा. मालेम, एवढं लिहून द्या."

त्याने पेन पुढे केले.

"दे की लिहून," लल्ला झहूर कुजबुजली. "तुझ्या बापाचं काम वाचतंय."

"मुद्दाम?" बुश्ताचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना आदळला. "ताप होता त्याला, अंगाची लाही होत होती. पालथ्या तुकड्यांची पाठ सारखीच, चुकला! उभं केल्यावर दिसलं, तेव्हा भर गल्लीत म्हणाला, 'चूक माझी.' नीट करायचं तर आणखी आठ दिवस पाणी बंद ठेवावं लागणार होतं. ऐन ऑगस्टात! हिच्याच आईनं सांगितलं, 'अलाल, राहू दे, पोरं तहानलीत.' म्हणून राहिली ती काळी पाकळी. मरेपर्यंत रोज त्या पाकळीकडे बघून कामाला जायचा तो. आणि तुम्ही त्याला साधू करता? तो साधू नव्हता. कारागीर होता!"

लल्ला झहूरने मान खाली घातली. आईचे ते बोलणे तिने घरी अनेकदा ऐकले होते. गाईडच्या गोष्टीपुढे ते तिलाही फिके वाटू लागले होते.

सर्घीनी हळू आवाजात म्हणाला, "मला पटतं, मालेम. पण माझ्या अर्जात तहानेचा रकाना नाही. मुद्दाम की चूक?"

"चूक. लिहा."

"मग जुनी उतरवावी लागेल."

"आणि तिथं लावणार काय?"

सर्घीनीने जमिनीकडे बोट दाखवले. बुश्ताने गडबडीने काही केले नाही. अवजारांच्या पेटीतून जड हातोडा काढला, आपल्या तीन महिन्यांच्या कामाच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला आणि घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला गिलावा फुटून तुकडे पायरीपर्यंत उडाले.

"वेड लागलंय तुम्हाला!" सर्घीनी मागे सरला. "मी दुसरा मालेम आणीन!"

"आणा. पण अलालचं काम उतरवायला हात लावील, असा मालेम आधी ह्या फेसात शोधा."

त्याने हातोडा पेटीत ठेवला आणि कारंज्याला पाठ लावून तो पायरीवर बसला. बहुतेक तुकडे अजून पालथेच होते. त्यांची नक्षी कोणी पाहिली नव्हती, त्यानेही नाही.

लल्ला झहूर त्यांच्यातून वाट काढत पुढे आली.

"सरक थोडा," ती म्हणाली आणि तिने बादली धारेखाली लावली.