आधी बोल लावावेत

कोरगावात कुणी गेले की शोकसभेची कविता माझ्याकडे येते. निवृत्त मराठी मास्तर असल्याची ही शिक्षा. पहिल्या कडव्यात सूर्य मावळतो, दुसऱ्यात मांद्र्याचा समुद्र रडतो, तिसऱ्यात मृताचे गुण येतात. दोष येत नाहीत. गावातल्या पक्क्या बेरक्यांनाही मी चार कडव्यांत संत करून पाठवले आहे.

सगुण गेला तेव्हा मात्र मला खरेच वाईट वाटले. तीस वर्षे तो दशावतारात राणीचे काम करायचा. युद्धात असुरराजा पडला की सगुण पदर सावरत यायचा आणि असा विलाप करायचा, की पुढ्यात बसलेल्या बायका डोळे पुसायच्या. राजा व्हायचा त्याचा शेजारी प्रवीण.

सभेच्या आदल्या दिवशी सगुणची बायको चंद्रावती आली. मी तिला कविता वाचून दाखवली.

"बरा आसा, मास्तरांनू," ती म्हणाली. "पण माका तेंका बोल लावूचे आसत. छातयेत दुखता म्हणाले. डॉक्टराकडे जावया म्हटलंय, तर सोडा पियाले नि काजीच्या बागेत गेले. ह्या कवितेत घाला."

"शोककाव्यात सोडा नि काजूची बाग बसत नाही," मी म्हणालो. शिवाय तिच्या मुलाचा, रुद्रेशचा, पणजीहून फोन येऊन गेला होता. आईला माइक देऊ नका, लोक हसतील, असे त्याने बजावले होते.

"मगे तेंची राणी काय करी होती?"

सगुणची राणी कधीच एकदम रडत नसे. आधी ती मेलेल्या नवऱ्याला फैलावर घ्यायची. नको म्हटले होते ना? मला कुणाच्या जिवावर टाकून गेलात? रडणे त्यानंतर. जुन्या महाकाव्यांतल्या राण्याही रणांगणावर हेच करतात, आणि मी ते जन्मभर वर्गात शिकवले होते. लिहिताना मात्र मला समुद्रच सुचायचा.

तरीही दुसऱ्या दिवशी चार वाजता देवळाच्या मंडपात मी तीच कविता वाचायला उभा राहिलो. भिडस्त माणूस मी. सूर्य मावळला. समुद्रापाशी आलो आणि समोर चंद्रावती दिसली. ती ऐकतच नव्हती. मला माझीच लाज वाटली. कागद घडी करून खिशात घातला आणि माइक तिच्या हातात दिला. रुद्रेश अर्धवट उठला, पण उशीर झाला होता.

ती सगुणच्या फोटोकडे वळली.

"सांगितला तर आयकलात नाय. प्रेशराचे गोळये उशाक तशेच. माझ्यापरास तुमका काजी मोठे झाले?" कुणी हसले नाही. पुढच्या रांगेतल्या प्रवीणकडे तिने बोट केले. "दर जत्रेक तुमी ह्या प्रवीणासाठी रडलात. तुमचा रडणा संपला काय, हो मेलेलो राजा उठान आत जाय नि चाय पिय. आता माझा रडणा झाला. उठा."

तिने माइक खाली ठेवला. रुद्रेशने येऊन तिला धरले. काहीतरी करायला हवे म्हणून मी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली.

सगळा मंडप उभा राहिला. प्रवीण तेवढा मान खाली घालून बसून होता. त्याला उठवेना.