मागून हाक

"आक्का, ती कात्री मीट आधी," बाळ्या दारातून म्हणाला. "उघडी कात्री घरात भांडणं लावते, तूच सांगतेस ना?"

"दोघांच्या घरात कोण कोणाशी भांडणार?" आक्काने विचारलं, पण कात्री मिटून ठेवलीच.

"तू आणि तुझी मशीन. रोज तेच चालू असतं." त्याने पिशवी खांद्याला अडकवली. "येतो गं."

"ये."

कुठे, ते तिने विचारलं नाही. निघणाऱ्याला 'कुठे' विचारायचं नाही. आपण निघताना 'जातो' म्हणायचं नाही. मागून हाक मारायची नाही आणि कोणी मारलीच तर वळायचं नाही. आईने हे तिला शिकवलं होतं. आई गेल्यावर शाळकरी बाळ्याला तिने शिकवलं. त्याला वाढवता वाढवता, लोकांचे कपडे शिवता शिवता तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोकळीत, कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर.

तो पट्टा उसवला म्हणून काल त्याने तिच्याकडे दिला होता. "साहेब नवा देतील तेव्हा देतील. तुझा टाका असला की मला घोर नाही." तिने घडी बसवायला हाताने कच्चा टाका घातला. जाड सुई संपली होती म्हणून पक्की शिलाई सकाळवर टाकली. आत्ता शेजारून आणलेली नवी सुई लावून, काळा दोरा ओवून तिने पट्ट्यासाठी खुंटीकडे हात नेला.

खुंटी रिकामी होती.

त्याला वाटलं असणार, झाला. काळ्या पट्ट्यावर काळा दोरा, कच्चा की पक्का ते तिच्याच बोटांना कळलं असतं. कच्चा टाका नखाने ओढला तरी निघतो.

ती दारात आली. बाळ्या गल्लीच्या मध्यावर होता. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एका सकाळी आईने बाबांना छत्रीसाठी मागून हाक मारली होती. बाबा वळले, छत्री घेऊन गेले. संध्याकाळी लोकांनी छत्री तेवढी आणून दिली. त्यानंतर आईने कधी कोणाला मोठ्याने हाक मारली नाही.

समोरून थांबवलं तर दोष नाही. त्याच्या पुढे निघायला ती मागच्या बोळाकडे धावली.

"अगं, चप्पल तरी घाल!" शेजारच्या काकू ओरडल्या.

बोळाच्या तोंडाशी कोणीतरी हातगाडी आडवी लावली होती. ती उलट पावली परत आली. कोपऱ्यावर बाळ्याचा जोडीदार मोटारसायकल चालू ठेवून थांबला होता. बाळ्या मागे बसत होता.

"बाळ्या!"

आपला एवढा मोठा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. बाळ्याची पाठ ताठ झाली. त्याने आवाज ओळखला होता.

"पट्टा कच्चाय! थांब!"

इंजिनाच्या आवाजात ते विरलं. न वळता त्याने एक हात वर केला, लहानपणी तिने शिकवला होता तसा. मग कोपरा मोकळा झाला.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तेव्हा बंद होता. कामावर फोन कपाटात ठेवावा लागे. ऑफिसात अजून कोणी उचलत नव्हतं. इमारत कोणती, ते तिला माहीत नव्हतं.

"कोणाला हाक मारत होतीस गं?" काकूंनी विचारलं.

ती आत येऊन मशीनसमोर बसली, फोन मांडीवर घेऊन. शेजारी एक झगा शिवायचा पडला होता. त्यासाठी बारीक सुई लावायला हवी होती.

तिने जाड सुई काढली नाही.